चरित्र ओळख : लौरी रापाला – पाण्याकडे बघत बसलेला मासेमार



चरित्र म्हटलं की आपल्या वर्गात शास्त्रज्ञ, समाजसुधारक, राज्यकर्ते आणि खेळाडू येतात. ते यायलाच हवेत. पण मुलांना अधूनमधून हातानं काम करणाऱ्या माणसाचं चरित्रही सांगावं असं मला वाटतं. म्हणून आज फिनलंड देशातल्या एका गरीब मासेमाराची ओळख करून देत आहे. त्यांचं नाव लौरी रापाला. त्यांनी घडवली ती वस्तू बोटाएवढी आहे. गळाला बांधायचा एक खोटा मासा! इंग्रजीत त्याला लूर म्हणतात.

आपल्याकडे गळाला गांडूळ, कणकेची गोळी किंवा कोळंबी लावतात. कोकणातली मुलं गळाला गरी म्हणतात आणि पावसाळ्यात वहाळावर मासे गरवायला जातात. तिथे आमिष खरं असतं. लूर मात्र लाकूड, धातू किंवा प्लास्टिकचा असतो. त्याला वास नाही, चव नाही. मग मासा त्याला तोंड का लावतो? याचं उत्तर रापाला यांच्या आयुष्यात सापडतं.

बालपण

लौरी यांचा जन्म १९०५ साली फिनलंडमधल्या सिस्मा इथे झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याखाली होता. तो १९१७ मध्ये स्वतंत्र झाला आणि लगेच १९१८ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. म्हणजे लौरी यांचं सगळं लहानपण धामधुमीच्या काळात गेलं. घरची परिस्थिती बेताची होती. लौरी लहान असतानाच आई त्यांना घेऊन जवळच्या आसिक्काला भागात राहायला आली.

त्यांच्या आडनावाची एक गोष्ट सांगितली जाते. नव्या गावच्या चर्चमध्ये नावं नोंदवताना तिथल्या धर्मगुरूंना या मायलेकांचं आडनाव आठवेना. त्यांनी सरळ ते ज्या गावाहून आले त्या गावाचं नाव लिहून टाकलं, रापाला! आपल्याकडे गावावरून आडनावं पडतात तसंच की हे. पुढे हेच नाव जगभरच्या दुकानांत पोहोचलं.

फिनलंड हा तळ्यांचा देश. लहानमोठी मिळून तिथे एक लाखाहून जास्त तळी आहेत. आसिक्काला हे पायेन्ने नावाच्या सरोवराच्या दक्षिण टोकाला आहे. पायेन्ने हे फिनलंडमधलं सर्वांत खोल आणि आकारानं दुसऱ्या क्रमांकाचं सरोवर. हिवाळ्यात ते गोठतं, उन्हाळ्यात खुलं होतं. लौरी यांची खरी शाळा हीच म्हणायला हरकत नाही.

हजार गळांची दोरी

१९२८ मध्ये लौरी यांचं एल्मा यांच्याशी लग्न झालं. मुलं झाली, खाणारी तोंडं वाढली. हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड, शेतावर मजुरी आणि बर्फ वितळला की मासेमारी, असं वर्षाचं गणित होतं.

मासेमारीची पद्धत मोठी कष्टाची होती. एका लांबलचक दोरीला शेकडो गळ बांधायचे. कधी ही संख्या हजारावर जायची. प्रत्येक गळाला हातानं आमिष लावायचं. मग नाव वल्हवत दोरी पाण्यात सोडायची, नंतर पुन्हा सगळी ओढून काढायची. मासा लागला तर काढायचा, आमिष गेलं असेल तर परत लावायचं. एका गळाला अर्धं मिनिट धरलं तरी हजार गळांना आठ तासांच्या वर वेळ जातो. (हे गणित चौथीच्या वर्गात जरूर सोडवायला द्या.) म्हणजे दिवसाचा मोठा भाग आमिष लावण्यातच संपायचा. पुन्हा पुन्हा वापरता येईल असं आमिष मिळालं तर किती बरं होईल, हा विचार त्यांच्या मनात यायला लागला तो या त्रासातून.

पाण्यात काय दिसलं?

बाजारात तेव्हा खोटी आमिषं नव्हती असं नाही. पण लौरी यांनी आधी दुकान पाहिलं नाही, आधी पाणी पाहिलं. नावेतून ते तासन् तास खाली बघत राहायचे. लहान माशांचे थवे जायचे आणि मोठे शिकारी मासे दबा धरून बसलेले असायचे.

त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. शिकारी मासा थव्यात घुसला तरी समोर येईल त्याला खात नाही. एखादा मासा जखमी किंवा अशक्त असतो, तो पोहताना किंचित डुलतो, इतरांपेक्षा वेगळा हलतो. शिकारी नेमका त्यालाच उचलतो. कारण सरळ आहे. धडधाकट माशामागे पळण्यात ताकद जास्त जाते आणि तो निसटूही शकतो. डुलणारा मासा कमी श्रमात मिळतो.

हे दृश्य त्या सरोवरावर कितीतरी मासेमारांनी पाहिलं असेल. सगळ्यांना मोठा मासा दिसला. लौरी यांनी मोठा मासा कशाकडे बघतो आहे, हे पाहिलं. त्यांच्या सगळ्या यशाचं मूळ एवढ्यात आहे.

पहिला मासा – १९३६

आता तसंच डुलणारा मासा बनवायचा होता. हाताशी साधनं कुठली? चांभाराची सुरी, पॉलिश कागद आणि कॉर्क म्हणजे बुचाचं लाकूड. कॉर्क कोरून माशाचा आकार केला. चमक हवी म्हणून चॉकलेट आणि चीजच्या वेष्टनातला चंदेरी कागद वरून गुंडाळला. पाणी आत शिरू नये म्हणून वार्निश हवं होतं, पण त्याला पैसे नव्हते. तेव्हा फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज आपण 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून जो उपक्रम घेतो, तो या घरात पोटासाठी चालला होता.

बरेच प्रयत्न फसले. कुठला नग एका कुशीवर कलंडे, तर कुठला नुसताच ओंडक्यासारखा ओढला जाई. अखेर १९३६ मध्ये मनासारखा नग तयार झाला. तो जखमी माशासारखा डुलला आणि मासे त्याच्यावर झेपावू लागले. या खोट्या माशावर ते कधीकधी एका दिवसात पावणेतीनशे किलोपर्यंत मासे पकडत, असं सांगतात.

शेजारीपाजारी मागायला येऊ लागले. लौरी घरीच मासे कोरू लागले, पुढे मुलंही मदतीला बसली. कॉर्क मिळेना तेव्हा पाइन झाडाची साल वापरली. नंतर बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतलं अतिशय हलकं लाकूड मिळालं आणि ते सर्वांत योग्य ठरलं. एक नियम मात्र पहिल्यापासून होता. प्रत्येक नग पाण्यात ओढून बघायचा. नीट डुलला तरच विकायचा. दहातला एक तपासून बाकीचे खपवले, असं नाही.

तो डुलतो कसा?

विज्ञानाच्या तासाला हा भाग उपयोगी पडेल. या खोट्या माशाच्या हनुवटीखाली एक छोटी तिरकी पट्टी असते. दोरी ओढली की पाण्याचा दाब पट्टीवर पडतो आणि तोंड खाली जातं. लाकूड हलकं असल्यामुळे शरीर वर यायला बघतं. या ओढाताणीत पट्टीच्या कधी या कडेनं, कधी त्या कडेनं पाणी निसटतं आणि मासा डावी-उजवीकडे डुलतो. ओढणं थांबलं की तो तरंगून वर येतो. पट्टी लांब असेल तर लूर खोल जातो, आखूड असेल तर वरच्या थरात राहतो.

सातासमुद्रापार

१९३९ मध्ये फिनलंड युद्धात ओढला गेला. युद्ध संपल्यावर काम पुन्हा जोर धरू लागलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक झालं. परदेशी पाहुण्यांनी हे मासे पाहिले आणि सोबत नेले. १९५९ च्या सुमाराला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉन वेबर यांच्या हाती एक नग लागला. त्यांनी रे ऑस्ट्रॉम यांच्याबरोबर तो तिकडे विकायला आणला.

मग १९६२ चा ऑगस्ट महिना आला. 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकात रापाला लूरवर लेख आला. त्याच अंकात अभिनेत्री मेरिलिन मन्रो यांच्या निधनावरचा मजकूर होता. त्यामुळे अंक प्रचंड खपला. मन्रो यांच्यासाठी अंक घेणाऱ्या घराघरांत हा फिनलंडचा मासाही पोहोचला. मागणी लाखांत गेली. नग पुरेनात, तेव्हा काही दुकानदारांनी चक्क दिवसाच्या भाड्यानं लूर दिले!

बास मासा आणि लूरची निवड

अमेरिकेत हौशी लोकांचा आवडता मासा म्हणजे बास. त्यातही मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ बास. हा मूळचा उत्तर अमेरिकेचा. फिनलंडच्या तळ्यांत तो नाही. म्हणजे लौरी यांनी जो मासा समोर ठेवून काम केलंच नव्हतं, त्यालाही त्यांचं निरीक्षण लागू पडलं. कारण बासही दबा धरणारा शिकारी आहे. पाणवनस्पती, बुडालेली झाडं, खडक यांच्या आडोशाला तो थांबतो आणि टप्प्यात आलेल्यावर झडप घालतो.

बाससाठी लूर निवडताना जाणकार जे बघतात, ते सगळं लौरी यांच्याच वाटेनं जाणारं आहे.

१. आकार : त्या पाण्यात बास काय खातो ते बघायचं आणि तेवढाच लूर घ्यायचा. रापाला यांचा मूळ तरंगता मासा ३ सेंटिमीटरपासून १८ सेंटिमीटरपर्यंत मिळतो, तो यासाठीच.

२. रंग : पाणी नितळ असेल तर खऱ्या माशासारखा चंदेरी, फिकट रंग. पाणी गढूळ असेल तर उठून दिसणारा भडक किंवा गडद रंग.

३. खोली : मासे वरच्या थरात असतील तर तरंगता, तळाशी असतील तर खोल जाणारा.

४. वेग : थंड पाण्यात माशाचं शरीर मंद चालतं, म्हणून लूरही सावकाश ओढायचा. ऊबदार पाण्यात वेग वाढवला तरी चालतो.

५. थांबणं : तरंगता लूर पाण्यावर टाकला की लगेच ओढायचा नाही. तरंग विरेपर्यंत थांबायचं, मग हलकासा झटका द्यायचा, पुन्हा थांबायचं. पुष्कळदा बास झडप घालतो तो या थांबण्यातच.

६. दुरुस्ती : लूर सरळ न जाता डावीकडे ओढला जात असेल, तर दोरी बांधायची नाकातली कडी पकडीनं अगदी किंचित उजवीकडे वाकवायची. उजवीकडे जात असेल तर उलट.

यात एक गंमत आहे. दुकानातल्या झगमगीत रंगांवर माणूस भुलतो, मासा भुलेलच असं नाही. पेटीभर लूर घेऊन पाण्याकडे न बघणाऱ्यापेक्षा दोन लूर घेऊन नीट बघणारा पुढे जातो.

आपल्यासाठी काय?

मूल म्हणजे मासा नाही आणि आपल्याला कुणाला फसवून गळाला लावायचं नाही, हे उघड आहे. पण शैक्षणिक साहित्य निवडताना आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतो? रंगीत तक्ते, चकचकीत खेळ, भिंतीवरची चित्रं बऱ्याचदा आपल्याला किंवा भेट द्यायला आलेल्यांना आवडलेली असतात. मूल कशाकडे बघतं, कुठे थबकतं, मधल्या सुट्टीत कशात रमतं, हे आपण किती वेळ बसून पाहतो? घरी पालकांनी महागडं खेळणं आणावं आणि मुलानं त्याच्या खोक्याशी खेळत बसावं, हे तर सगळीकडे घडतं. खोक्यात त्याला काय दिसलं, ते बघायला हवं.

दुसरी गोष्ट थव्यातल्या डुलणाऱ्या माशाची. शिकारी माशाला तो लगेच ओळखू येतो. चाळीस मुलांच्या वर्गात किंचित वेगळं चालणारं, मागे पडणारं मूलही असतं. त्याच्याकडे आपली नजर सर्वांत आधी जायला हवी, त्याला आधार देण्यासाठी.

लौरी रापाला १९७४ मध्ये वारले. त्यांच्या नावाची कंपनी आज जगभर पसरली आहे आणि तिथे नग पाण्यात तपासण्याची रीत पुढे चालू राहिली.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

थर्माकोल किंवा हलक्या लाकडाचा बोटभर मासा बनवा. गळ अजिबात लावू नका. प्लास्टिकच्या बाटलीतून नखाएवढी पट्टी कापून हनुवटीखाली तिरकी बसवा. नाकाला दोरा बांधून पाण्याच्या टबात ओढा. पट्टीचा कोन आणि लांबी बदलत जा. मासा कधी डुलतो, कधी कलंडतो, ते मुलांना वहीत लिहू द्या. पहिल्या खेपेला जमणार नाही, उत्तर लगेच सांगू नका. आणि ओढ्यावर किंवा तळ्यावर निरीक्षणाला न्यायचं असेल तर मोठी माणसं सोबत हवीतच.

विचारायचे प्रश्न

१. शिकारी मासा डुलणाऱ्या माशालाच का पकडतो?
२. वार्निश नसताना लौरी यांनी काय वापरलं?
३. तुमच्या घरी रोज त्रास देणारं एक काम कोणतं? ते सोपं करायला आधी काय बघावं लागेल?

तिसऱ्या प्रश्नाला मुलं काय उत्तरं देतात, ते नक्की वाचा. वर्गातली सर्वांत चांगली चर्चा तिथेच होईल.