१३ गुण, ५२ आठवडे : बेंजामिन फ्रँकलिन स्वतःच्या चुकांचा हिशोब वहीत ठेवायचा

१ जानेवारीला आपण सगळं एकदम ठरवतो. पहाटे उठायचं, जिम लावायची, पैसे वाचवायचे, मोबाईल कमी करायचा. संक्रांतीचा तिळगूळ हातात पडेपर्यंत यातलं निम्मं बारगळलेलं असतं.

१०० डॉलरच्या नोटेवर ज्याचा फोटो आहे, त्या माणसाचंही असंच झालं होतं. फक्त त्याने पुढे एक वही केली.

बेंजामिन फ्रँकलिनचा जन्म १७०६ चा, बोस्टनमधला. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. घरात १७ भावंडं. पैशांअभावी दहाव्या वर्षी शाळा सुटली. बाराव्या वर्षी तो मोठ्या भावाच्या छापखान्यात कामाला लागला, पण भावाशी पटेना. १७ व्या वर्षी तो पळाला आणि फिलाडेल्फियात पोहोचला. पुढे तिथेच त्याने स्वतःचा छापखाना काढला.

विशीत असताना त्याने ठरवलं, आपल्यात एकही दोष ठेवायचा नाही. पण झालं असं की एक चूक सांभाळायला जावं, तर दुसरी होऊन बसायची.

मग त्याने पद्धत बदलली. खाण्यापिण्यात संयम, कमी बोलणं, टापटीप, काटकसर, मेहनत, न्याय असे १२ गुण निवडले. यादी एका मित्राला दाखवली. मित्र म्हणाला, तू गर्विष्ठ आहेस, तेही लिही. फ्रँकलिनने नम्रता हा १३ वा गुण जोडला.

आता वहीकडे येऊ.

एका पानावर एक आठवडा. उभे सात रकाने वारांचे, आडव्या १३ ओळी गुणांच्या. रोज रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चुकलं तिथे काळा ठिपका द्यायचा. मात्र खास लक्ष आठवड्याला एकाच गुणावर. म्हणजे १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षाच्या ५२ आठवड्यांत बरोबर चार फेऱ्या.

पहिला धक्का म्हणजे ठिपके त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त निघाले. जुने ठिपके खोडून खोडून वहीला भोकं पडली. सगळ्यात जास्त छळलं टापटिपीने. वस्तू जागेवर ठेवणं त्याला म्हातारपणापर्यंत जमलं नाही. नम्रतेबद्दलही तो म्हणायचा की ती वरवरचीच आली. पण तेवढ्यासाठी त्याने 'नक्कीच' असे शब्द टाळून 'मला असं वाटतं' म्हणायची सवय लावली, आणि लोक त्याचं जास्त ऐकू लागले.

पुढे फेऱ्या कमी झाल्या. वर्षाला एक, मग काही वर्षांनी एक, मग बंद. वही मात्र तो सोबत बाळगायचा.

वहीत न दिसणाऱ्या चुकाही होत्या. यादीत न्याय होता, तरी त्याच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामविक्रीच्या जाहिराती छापून यायच्या. हे बदलायला आयुष्य गेलं. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीने गुलामगिरी संपवण्याचा अर्ज अमेरिकेच्या संसदेकडे गेला. १७ एप्रिलला तो वारला.

मग वहीचा उपयोग काय झाला?

सत्तरी ओलांडल्यावर त्याने स्वतःच याचं उत्तर लिहून ठेवलं. कित्ता गिरवणाऱ्याचं अक्षर कित्त्याइतकं सुंदर होत नाही, पण आधीपेक्षा सुधारतं. आपलंही तसंच झालं, असं त्याचं म्हणणं. निर्दोष होता आलं नाही, पण प्रयत्न केला नसता तर होतो त्यापेक्षा वाईट राहिलो असतो.

तर यंदा यादी करताना एवढं करून बघा. दहा गोष्टी एकदम धरू नका, एका आठवड्याला एकच घ्या. चुकलात तर लपवू नका, ठिपका द्या. आणि जानेवारीची फेरी फसली तरी वर्ष वाया गेलं म्हणू नका. १३ आठवड्यांनी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, दुसरी फेरी आहेच.