विश्लेषण : हार्ड डिस्कवरचा कार्बनचा थर आणि सी. व्ही. रामन यांचा संबंध काय?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमधल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात बिघडलेली हार्ड डिस्क उघडून पाहिली, तर आरशासारखी लखलखीत चकती दिसते. तिच्यावरचा दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा कठीण कार्बनचा थर मात्र डोळ्यांना दिसत नाही. हा थर तपासण्यासाठी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा शोध वापरला जातो.

थर कशासाठी?

चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. माहिती वाचणारे हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगते. ते टेकले तर चुंबकीय थर खरवडला जाऊन माहिती नष्ट होऊ शकते. कार्बनचा थर झीज आणि गंज रोखतो. मात्र त्यातील अणूंची मांडणी पेन्सिलीतल्या ग्राफाइटसारखी आहे की हिऱ्यासारखी, यावर त्याचा टिकाऊपणा ठरतो.

हिशेबनीस ते शास्त्रज्ञ

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये ते सरकारी अर्थखात्यात रुजू झाले. कलकत्ता, रंगून, नागपूर अशा बदल्या झाल्या, पण संशोधन सुटले नाही. १९१७ मध्ये कमी पगार पत्करून ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा अल्पसा भाग रंग बदलतो आणि हा बदल त्या पदार्थाची ओळख सांगतो, हे त्यांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने २८ फेब्रुवारी १९२८ रोजी दाखवले. १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

हिऱ्याचा वाद काय होता?

१९३३ मध्ये रामन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. तिथे त्यांनी हिऱ्यांचा ध्यास घेतला. हिऱ्यातील अणूंच्या कंपनांवरून माक्स बोर्न यांच्याशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढे बोर्न यांचा सिद्धांत बरोबर ठरला. रामन यांनी मात्र माघार घेतली नाही. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

आज उपयोग कसा होतो?

थरावर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशाचा आलेख काढतात. त्यात हिऱ्याची रेघ १३३२ या आकड्यावर, तर ग्राफाइटची १५८०च्या आसपास येते. डिस्कवरच्या मिश्र कार्बनचे उंचवटे रुंद असतात. त्यांची जागा आणि उंची यांवरून थराच्या कठीणपणाचा अंदाज येतो, तोही थर न खरवडता. हिऱ्याबद्दलचा रामन यांचा सिद्धांत मागे पडला; कार्बनची पारख मात्र आजही त्यांच्याच पद्धतीने होते.