मृत्यूला हसरा चेहरा देणारा कारागीर : होसे ग्वादालूपे पोसादा

नोव्हेंबरच्या १ आणि २ तारखेला मेक्सिकोत घरोघरी मृतांसाठी वेदी मांडली जाते. झेंडूच्या पाकळ्यांची वाट, मेणबत्त्या, गोड पाव, दिवंगतांच्या आवडीचे पदार्थ आणि साखरेच्या कवट्या असा तिचा थाट असतो. २ नोव्हेंबरला गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतात. मेक्सिकोत मात्र या स्मरणाला उत्सवाचे रूप आले आहे. या उत्सवात पिसांची मोठी टोपी घातलेली एक कवटी सर्वत्र हसताना दिसते. ती साकारणारे कलावंत म्हणजे होसे ग्वादालूपे पोसादा.

पोसादा यांचा जन्म २ फेब्रुवारी १८५२ रोजी आग्वासकालियेंतेस येथे एका पाव भाजणाऱ्याच्या घरी झाला. शिक्षक असलेल्या थोरल्या भावाने त्यांना अक्षरओळख करून दिली. पुढे त्रिनिदाद पेद्रोसा यांच्या शिळाछापखान्यात ते उमेदवारी करू लागले. १८७१ मध्ये ‘एल हिकोते’ या स्थानिक पत्रात त्यांची राजकीय व्यंगचित्रे प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी गुरू-शिष्य लेओन शहरी गेले. तेथे त्यांचा संसार उभा राहिला, शाळेत शिळाछपाई शिकवण्याचे कामही मिळाले. पण १८८८ च्या महापुराने लेओन उद्ध्वस्त केले आणि पोसादा यांनी राजधानीची वाट धरली.

मेक्सिको सिटीत प्रकाशक आंतोनिओ वानेगास आरोयो यांच्यासाठी ते चित्रे कोरू लागले. गुन्हे, अपघात, चमत्कार, फाशीच्या शिक्षा, प्रेमगीते, पाककृती अशा नाना विषयांची स्वस्त पत्रके तेथे छापली जात. ग्राहकांपैकी अनेकांना वाचता येत नसे. त्यामुळे मजकुराचा अर्थ चित्रातूनच पोहोचवावा लागे. शिशाच्या मिश्रधातूवर आणि पुढे जस्ताच्या पत्र्यावर पोसादा यांनी हजारो चित्रे कोरली. त्यांच्या कार्यशाळेच्या खिडकीशी उभा राहून एक शाळकरी मुलगा हे काम न्याहाळत असे. तोच पुढे थोर भित्तिचित्रकार म्हणून गाजलेला होसे क्लेमेन्ते ओरोस्को.

मृतांच्या दिवशी जिवंत माणसांवर विनोदी मृत्युलेख रचण्याची प्रथा मेक्सिकोत होती. त्या पद्यांसोबत कवट्यांची चित्रे छापत. मानुएल मानिया यांनी अशी चित्रे आधी काढली होती. पोसादा यांनी मात्र या सांगाड्यांना उद्योगाला लावले. त्यांचे सांगाडे सायकली चालवतात, नाचतात, भांडतात. पुढारी असो वा भाजीवाली, मृत्यूपुढे सर्वांची पंगत एकच, हे सांगायला त्यांना प्रवचनाची गरज भासली नाही.

पिसांच्या टोपीतली ती कवटी पोसादा यांनी आयुष्याच्या अखेरच्या काळात कोरली. स्वतःचे मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्यांवर तिचा रोख होता. पोर्फिरिओ दियास यांच्या दीर्घ राजवटीत या थाटाला मोठी प्रतिष्ठा होती. १९१० मध्ये क्रांतीचा भडका उडाला आणि ती राजवट कोसळली.

२० जानेवारी १९१३ रोजी पोसादा यांचे निधन झाले. दोलोरेस दफनभूमीत गरिबांसाठीच्या जागेत त्यांना पुरण्यात आले. सात वर्षांची मुदत संपली, तरी अवशेष मागायला कोणी आले नाही. अखेर ते सामाईक खड्ड्यात टाकण्यात आले. अवघ्या देशाला मृतांशी हसतखेळत बोलायला शिकवणाऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जागाच उरली नाही.

१९२० च्या दशकात फ्रेंच चित्रकार जाँ शार्लो यांनी त्यांचे काम पुन्हा उजेडात आणले. १९४७ मध्ये दिएगो रिवेरा यांनी आपल्या भव्य भित्तिचित्रात त्या कवटीला देह आणि उंची वस्त्रे दिली. तेव्हापासून ‘कात्रिना’ हे नाव जगभर रुळले. त्या चित्रात तिच्या हातात हात घालून काळ्या पोशाखातील एक स्थूल गृहस्थ उभे आहेत. ते आहेत पोसादा. कबर नसलेल्या या कारागिराला मेक्सिकोने दिलेली जागा ती हीच, स्वतः कोरलेल्या मृत्यूच्या शेजारी.