नगराची नभोवाणी : सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी

भारतातील नभोवाणीचा इतिहास सांगताना मुंबई आणि कलकत्ता या शहरांचा उल्लेख नेहमी होतो. १९२३ साली या दोन्ही शहरांत रेडिओ क्लब प्रक्षेपण करू लागले होते. त्याच सुमारास दक्षिणेत मद्रास शहरातही असाच एक प्रयत्न आकार घेत होता. आज चेन्नई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराला स्वतःची नभोवाणी मिळवून देणारे गृहस्थ म्हणजे सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी. भारतीय प्रसारणाच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

अभियंता आणि नवे शास्त्र

कृष्णस्वामी चेट्टी हे विद्युत अभियंते होते. मद्रास महापालिकेच्या सेवेत त्यांनी काम केले. १६८८ साली स्थापन झालेली ही महापालिका भारतातील सर्वांत जुनी होय. रस्त्यांवरील दिवे, पाणी, आरोग्य, शाळा अशा नगरजीवनाच्या गरजांशी तिचा रोजचा संबंध. अशा संस्थेत वावरणाऱ्या या अभियंत्याचे लक्ष बिनतारी संदेशाच्या नव्या शास्त्राकडे वेधले गेले. पहिल्या महायुद्धापर्यंत या शास्त्राचा उपयोग प्रामुख्याने जहाजे आणि सैन्य यांच्यासाठी होत असे. युद्धानंतर मात्र एका ठिकाणचा आवाज एकाच वेळी असंख्य घरांत पोहोचू शकतो, हे जगाच्या ध्यानात आले आणि अनेक देशांत हौशी मंडळींनी प्रक्षेपणाचे प्रयोग आरंभिले.

मद्रासमध्ये हे काम चेट्टी यांनी अंगावर घेतले. विलायतेहून आणलेले सुटे भाग जोडून त्यांनी एक छोटा प्रक्षेपक उभा केला. त्याची शक्ती अवघी ४० वॅट, म्हणजे घरातील एखाद्या विजेच्या दिव्याइतकी होती.

रेडिओ क्लबची स्थापना

एकट्याच्या हौशीवर नभोवाणी चालत नाही, तिला लोकांचे पाठबळ लागते. म्हणून १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी क्लबचे प्रक्षेपण सुरू झाले. सायंकाळी संगीत व भाषणे असा कार्यक्रम असे. पुढे २०० वॅट शक्तीचा प्रक्षेपकही क्लबने वापरात आणला.

त्या काळी रेडिओ ऐकणे ही सोपी गोष्ट नव्हती. स्फटिकाच्या साध्या संचाला वीज लागत नसे, परंतु आवाज कानाला लावलेल्या श्रवणयंत्रातूनच येई आणि तो एकालाच ऐकू जाई. निर्वात नळ्यांचे मोठे संच महाग होते. संच बाळगण्यासाठी सरकारी परवानाही आवश्यक असे. त्यामुळे नभोवाणीचा आनंद मोजक्या सुखवस्तू घरांपुरताच मर्यादित राहिला.

क्लबच्या मार्गातील खरी अडचण पैशाची होती. नाटकगृहाच्या दारात तिकीट घेता येते, पण हवेत सोडलेल्या आवाजाला दार नसते. जो संच जोडील तो ऐकणारच. वीज, दुरुस्ती आणि कार्यक्रम यांचा खर्च मात्र दररोज करावाच लागतो. ऑक्टोबर १९२७ मध्ये आर्थिक ओढगस्तीमुळे क्लबला आपले प्रक्षेपण थांबवावे लागले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत एका खाजगी कंपनीचे प्रसारण केंद्र थाटाने सुरू झाले होते आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याचे.

हरलेला डाव सावरला

येथेच ही कथा संपली असती, तर कृष्णस्वामी चेट्टी यांचे नाव एक हौशी प्रयोगकर्ता म्हणूनच उरले असते. तथापि क्लबने आपला प्रक्षेपक अडगळीत पडू दिला नाही. तो मद्रास महापालिकेच्या स्वाधीन करण्यात आला आणि मूठभर सभासदांची यंत्रसामग्री संपूर्ण नगराची झाली.

१ एप्रिल १९३० रोजी महापालिकेची नभोवाणी सुरू झाली. पालिकेचे कार्यालय असलेल्या रिपन बिल्डिंग या प्रशस्त वास्तूतून हे प्रक्षेपण होई. सायंकाळी साडेपाच ते साडेसात ही मुख्य वेळ होती. कामाच्या दिवशी दुपारी चार ते साडेचार या वेळात पालिकेच्या शाळांतील मुलांसाठी संगीताचे पाठ आणि गोष्टी सादर होत. रविवारी व सुटीच्या दिवशी सकाळी ध्वनिमुद्रिका वाजविल्या जात.

मात्र सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच होती. महापालिकेने मरीना समुद्रकिनारा, पीपल्स पार्क, रॉबिन्सन पार्क, उच्च न्यायालयाजवळचा किनारा अशा सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक बसविले. ज्याला संच विकत घेणे शक्य नव्हते, त्यालाही वाळूत किंवा हिरवळीवर बसून गाणे ऐकता येऊ लागले. संगीतसभेचे तिकीट परवडत नसलेल्या श्रोत्यासाठी हे मोठेच दान होते. पाण्याचा सार्वजनिक नळ आणि रस्त्यावरचा दिवा यांच्या जोडीला आवाजही नागरी सुविधा ठरला.

मुंबई आणि कलकत्ता येथील कंपनी १९३० साली डबघाईला आली व तिची केंद्रे सरकारने चालवायला घेतली. १९३१ साली सरकारनेही ती बंद करण्याचे ठरविले, परंतु लोकांच्या विरोधामुळे हा निर्णय मागे घ्यावा लागला. या धामधुमीच्या काळात मद्रासची छोटी नभोवाणी मात्र नगराच्या आधाराने चालू राहिली. परकीय राजवटीत राजकीय मतप्रचाराला तिच्यावर वाव नव्हता, ही तिची मर्यादा होती. तो वाव सभांच्या मैदानांना होता. ज्या रॉबिन्सन पार्कमध्ये ध्वनिवर्धक वाजत असे, तेथेच पुढे १९४९ साली द्रविड मुन्नेत्र कळघम या पक्षाची पहिली जाहीर सभा झाली.

वारसा

१६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले आणि महापालिकेच्या प्रक्षेपणाचे कार्य संपले. देशव्यापी यंत्रणा आली, तिची शक्ती मोठी होती, पण नभोवाणी आता नगराच्या हाती उरली नाही.

तो धागा पुन्हा जोडला जायला बराच काळ लागला. १९९५ साली क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निर्माण झालेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालविण्याची परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी अण्णा विद्यापीठात देशातील पहिले असे केंद्र सुरू झाले. २००६ साली ही मुभा स्वयंसेवी संस्थांनाही देण्यात आली.

हे पहिले केंद्र चेन्नईतच उभे राहिले. ऐंशी वर्षांपूर्वी याच शहरात एका अभियंत्याने सुटे भाग जोडून ४० वॅटचा आवाज आकाशात सोडला होता. कृष्णस्वामी चेट्टी यांचा क्लब जेमतेम तीन वर्षे टिकला, म्हणून त्यांचे कार्य अपयशी ठरत नाही. आवाज कोणाच्या मालकीचा असावा आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, या प्रश्नाचे एक उत्तर मद्रासने त्यांच्या प्रक्षेपकाच्या साहाय्याने देऊन ठेवले. आवाज नगराचा, म्हणून खर्चही नगराचा, हेच ते उत्तर होय.