विधवांची कैवारीण

पंडिता रमाबाई ह्यांचा जन्म १८५८ साली झाला. दुष्काळात आईबाप गेले. १८८२ साली पतीही वारल्यावर वैधव्य काय असते हे त्यांस स्वानुभवाने कळले. १८८३ साली विलायतेस जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या व शहरोशहरी फिरून, ज्यांस तोंड उघडण्याची मुभा नव्हती अशा स्वदेशीच्या बालविधवांकरिता बोलल्या. तेव्हा १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन तिने दहा वर्षे साह्य करण्याचे पत्करले. परदेशी मान मिळाला, तरी त्या परतल्या आणि १८८९ साली मुंबईस शारदासदन उघडून विधवांमध्येच राहिल्या.

छत्रपती संभाजीनगरकडील प्रिय बंधुभगिनींनो, गावच्या निराधार बाईची दाद मागावयास आपणांस समुद्र ओलांडावा लागत नाही. चावडीपर्यंत गेले तरी पुरे.