गवंड्याचा मुलगा विल्यम डॅनियल

लोणार येथील दैत्यसूदनाचे देऊळ आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. पश्चिमेकडील वेरूळची लेणीही कित्येकांनी पाहिली असतील. परंतु ज्या पाथरवटांनी ही कामे केली त्यांची मुखे कोणी रेखून ठेविली नाहीत. इंग्लंडातील काही स्थापत्यकारांची मुखे मात्र टिकून राहिली. ती ज्याच्या हातून टिकली, त्या विल्यम डॅनियल याचे हे अल्प चरित्र आहे.

त्याचा जन्म इ. स. १७६९ मध्ये टेम्स नदीच्या काठी किंग्स्टन येथे झाला. बाप गवंडीकाम करी व एक मद्यगृहही चालवी. १७७९ साली बाप वारला, तेव्हा चुलता टॉमस याने ह्या पोरक्या मुलाचा सांभाळ केला. टॉमस हा चित्रकार होता. १७८५ साली तो पुतण्यास घेऊन हिंदुस्थानास निघाला. गढवालच्या डोंगरांपासून कन्याकुमारीपर्यंत दोघांनी प्रवास केला आणि वाटेत जे पाहिले ते रेखाटले.

१७९३ साली मुंबईस त्यांची जेम्स वेल्स या चित्रकाराशी भेट झाली. सवाई माधवराव पेशवे यांचे चित्र काढणारा तो हाच. पुण्याचा गंगाराम तांबट त्याच्या हाताखाली काम करी. वेल्स १७९५ साली वारला; त्याने काढलेली वेरूळची चित्रे पुढे इंग्लंडास गेली. डॅनियल चुलत्या-पुतण्यांनी वेरूळ कधी पाहिले नव्हते. तरी त्यांनी १८०३ मध्ये त्या मृत मित्राच्या चित्रांवरून २४ छापे प्रसिद्ध केले.

ही विद्या विल्यमास सहज आली नाही. स्वदेशी परतल्यावर तो कित्येक वर्षे पहाटे सहापासून मध्यरात्रीपर्यंत काम करीत असे.

पुढे जॉर्ज डान्स याचे काम त्याजकडे आले. लंडनचा न्यूगेट तुरुंग बांधणारा हा स्थापत्यकार फावल्या वेळी आपल्या स्नेह्यांची मुखे एका बाजूने पेन्सिलीने रेखी. त्यांपैकी ७२ चित्रे विल्यमाने १८०८ ते १८१४ या काळात छापून काढिली. तांब्याच्या पत्र्यावर मेण व चरबी यांचा मऊ लेप द्यावयाचा, वर कागद ठेवून रेखाटावयाचे. दाब पडेल तेथला लेप कागदास चिकटून निघतो. मग पत्रा तेजाबात बुडविला म्हणजे उघड्या पडलेल्या रेषा खोल खाल्ल्या जातात. त्यांत शाई भरून छाप घेतला असता तो पेन्सिलीने काढल्यासारखा दिसतो.

त्या संग्रहात सर विल्यम चेंबर्स याचे मुख आहे. लंडनातील सॉमरसेट हाउस ही भव्य इमारत त्याने बांधिली. डान्सने ते मुख १७९३ साली रेखिले आणि १७९६ साली चेंबर्स वारला. म्हणून छाप काढताना मूळ मनुष्य पुढे बसवून रेषा ताडून पाहणे शक्य नव्हते. विल्यमाने स्वतःची कल्पना मिसळली असती तर ते मुख खोटे झाले असते. त्याने आपला हात डान्सच्या रेषेस अगदी अधीन केला.

१८१४ पासून ११ वर्षे खपून त्याने ब्रिटनच्या किनाऱ्याची ३०८ चित्रे प्रसिद्ध केली. १८२२ साली रॉयल अकादमीने त्यास आपला सभासद केले. १८३७ साली तो मरण पावला.

त्याने स्वतःची चित्रे पुष्कळ काढिली. परंतु वेल्सचे वेरूळ व चेंबर्सचे मुख ही दुसऱ्यांची कामे त्याने जशीच्या तशी पुढील पिढ्यांच्या हाती दिली. गवंडी दुसऱ्याच्या आखलेल्या दोरीप्रमाणे भिंत सरळ उचलतो. गवंड्याच्या ह्या मुलाने तांब्यावर तेच केले.