तीन अष्टमांश इंचाचा शोध
मधुमक्षिकापालनाला नवी दिशा देणारे धर्मोपदेशक लँगस्ट्रॉथ

एखाद्या छंदाचा आरंभ किती साध्या प्रसंगातून व्हावा! 1838 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एक तरुण धर्मोपदेशक मित्राच्या घरी गेला होता. तेथे टेबलावर काचेचे एक गोल भांडे होते आणि त्यात मधाने भरलेले पोळे चमकत होते. पाहुण्याची नजर त्यावर खिळली. यजमानाने त्याला माळ्यावर नेऊन मधमाशा दाखवल्या. घरी परतताना मधमाशांच्या दोन वसाहती त्याने विकत घेतल्या होत्या. हा तरुण म्हणजे लॉरेन्झो लॉरेन लँगस्ट्रॉथ.

लँगस्ट्रॉथ यांचा जन्म 25 डिसेंबर 1810 रोजी फिलाडेल्फियात झाला. कीटकांचे वेड लहानपणापासूनचे. मुंग्या पाहण्यासाठी जमिनीवर गुडघे टेकून तासन्‌तास बसल्याने विजारी फाटत आणि त्याबद्दल घरात शिक्षाही होई. पुढे येल विद्यापीठातून 1831 मध्ये ते पदवीधर झाले. काही काळ तेथे अध्यापन केल्यानंतर 1836 मध्ये अँडोव्हर येथील चर्चची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. त्याच वर्षी ॲना टकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मात्र एका व्याधीने त्यांची आयुष्यभर पाठ सोडली नाही. अधूनमधून तीव्र नैराश्याचे झटके येत आणि महिनोन्‌महिने कामकाज ठप्प होई. त्यामुळे चर्चचे काम वारंवार सोडावे लागले. मोकळ्या हवेतील मधमाशांचा सहवास हे मनाला उभारी देणारे औषध ठरले. विशेष म्हणजे नैराश्याच्या काळात त्याच माशांचा उल्लेखही त्यांना नकोसा वाटे.

त्या काळी मधमाशा पाळणे म्हणजे काय होते? पोकळ ओंडका, साधे खोके किंवा गवताची टोपली. पोळी आतल्या भिंतींना चिकटलेली असत. मध हवा तर पोळी कापावी लागत. अनेक ठिकाणी गंधकाच्या धुराने सारी वसाहतच मारली जाई. राणी माशी आहे की नाही, रोग पडला आहे का, हे पाहण्याचा सोपा मार्ग नव्हता. स्विस अंध संशोधक फ्रान्स्वा ह्यूबर यांनी पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी केली होती. पण ती रोजच्या वापराला सोयीची नव्हती.

लँगस्ट्रॉथ यांनी ह्यूबर यांचे लेखन अभ्यासले आणि स्वतः प्रयोग सुरू केले. माशांचा एक स्वभाव त्यांच्या लक्षात आला. पेटीत अगदी अरुंद फट राहिली, तर माशा ती चिकट डिंकाने बुजवतात. मोठी पोकळी राहिली, तर तेथे पोळे बांधतात. परंतु सुमारे तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर जागा ठेवली, तर ती ये-जा करण्यासाठी मोकळीच राहते. 30 ऑक्टोबर 1851 रोजी मधमाशांकडून घरी परतताना त्यांना उलगडा झाला, की पोळ्यासाठी लाकडी चौकट करून तिच्या चारही बाजूंना एवढेच अंतर ठेवले, तर पोळे कोठेही चिकटणार नाही. चौकट उचलावी, पाहावी, पुन्हा ठेवावी. माशी मरत नाही, पोळे मोडत नाही.

5 ऑक्टोबर 1852 रोजी या पेटीचे पेटंट मिळाले. 1853 मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे हस्तलिखित ॲना यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून दिले होते. पुढे 1865 मध्ये मध काढण्याचे फिरते यंत्र आले आणि सुट्या चौकटींचे महत्त्व आणखी वाढले. मध काढून रिकामे पोळे माशांना परत देता येऊ लागले.

कीर्ती पसरली, पैसा मात्र आला नाही. रचना इतकी सोपी होती, की कोणताही सुतार तिची नक्कल करू शके. पेटंटसाठीच्या न्यायालयीन लढ्यात पैसा आणि प्रकृती दोन्ही खर्ची पडली. 1858 पासून ओहायोतील ऑक्सफर्ड येथे राहून त्यांनी इटालियन जातीच्या राणी माशांची पैदास केली. मुलगा 1870 मध्ये आणि पत्नी 1873 मध्ये निवर्तली. तरीही बरे वाटताच ते पुन्हा माशांकडे वळत.

6 ऑक्टोबर 1895 रोजी डेटन येथील चर्चमध्ये ईश्वराच्या प्रेमावर प्रवचन सुरू करत असतानाच त्यांची प्राणज्योत मालवली.

आज जगभर त्यांच्याच तत्त्वावरच्या पेट्या वापरात आहेत. महाबळेश्वरच्या डोंगरात पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशीचा आकार लहान, म्हणून तिच्यासाठी पेटीही लहान असते. परंतु चौकटीभोवती माशीला मोकळी वाट ठेवण्याचे सूत्र तेच. हौस म्हणून पहिली मधपेटी घेणारा नवखा माणूस निर्धास्तपणे चौकट उचलून पाहतो, तेव्हा तो त्या धर्मोपदेशकाच्याच निरीक्षणाचा लाभ घेत असतो.